आजची धरायची नाही

४ मार्च

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. पोस्टातल्या बाईंकडून पत्ता लिहून घेतला. माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट न फोडताच कुठेतरी सारून ठेवशील, हे मला ठाऊक आहे. फोन तर तू उचलतच नाहीस. आता फोडलंच आहेस, तर शेवटपर्यंत वाच.

काम तसं किरकोळ आहे. भावजींची निळी सायकल अजून दुकानातच आहे. ते गेल्यावर तू भिंगरीला घेऊन बहिणीकडे निघून गेलीस, तेव्हा सायकलीचा विचार करायची ती वेळ नव्हती. आता वर्ष होत आलं. बापाची सायकल लेकीला हवी असेल, असं आपलं माझ्या मनात आलं. भिंगरी उंच झाली असेल. सीट जरा खाली घेतली तर पाय पुरतील तिचे. कळव, म्हणजे पाठवायची सोय करते.

इकडे सगळं ठीक आहे. सायकलदुरुस्तीचं दुकान चालू आहे. तुझ्या थोरल्या दिरांची तब्येत उत्तम. रोज सकाळी सायकल काढून पाण्याच्या टाकीच्या चढावर जाऊन येतात. दोघे भाऊ फक्त रविवारी जायचे, हे आता एकटेच रोज जातात. या वयात माणसं गुडघे चोळत बसतात, त्या मानाने कौतुकच म्हणायचं. पँटी तेवढ्या ढिल्या झाल्यात. माझ्या मशीनपाशी लोकांच्या कपड्यांचा ढीग, त्यात यांच्या कमरा दोनदा आत घेतल्या. आणखी घेतल्या तर दोन्ही खिसे मागे जाऊन एकमेकांना भेटतील.

दुकानातला डावीकडचा, भावजींचा स्टँड रिकामाच आहे. गिऱ्हाईक वाढलं की मी म्हणते, एखादा कारागीर ठेवा. हे म्हणतात, "जागा कुठे आहे?" जागा समोर दिसत असते.

भिंगरीचा अभ्यास कसा चाललाय? तुझी पाठ अजून दुखते का?

तुझी जाऊ

२२ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. "सायकल विकून टाका." खाली सहीसुद्धा नाही. तरी बरं वाटलं, म्हणजे बघ मी किती दिवसांची उपाशी आहे.

तुझ्या शब्दाला मान देऊन सायकल विकायला काढली. एक मास्तर बघायला आले. त्यांना पसंत पडली, घंटी वाजवून बघत होते, तेवढ्यात हे पाना हातात घेऊन आतून आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ती विकायची नाही. ती रोज लागते."

मास्तर गेल्यावर मी विचारलं, "कुणाला लागते?"

 हे खाली बसून कुणाच्यातरी वाकड्या चाकाचा आउट काढायला लागले.

मागच्या पत्रात मी तुला सगळं ठीक आहे असं लिहिलं. ठीक नाही. दुसऱ्या कुणाला सांगायला जावं तर लोक म्हणतील, सायकलवाल्याच्या डोक्याची चेन पडली. तू तसं म्हणणार नाहीस. तू रागावशील, पण हसणार नाहीस.

सायकल चालवताना पायडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकातून टिकटिक येते, ती फ्रीव्हीलची टिकटिक यांना चढावर ऐकू येते. स्वतःच्या सायकलची नाही. मागून.

परवा सकाळी पाव खाता खाता त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "हल्ली तो फार जवळून येतो."

"कोण?"

"पहिल्यापासून तीच खोड त्याची. सगळा वारा माझ्या छातीवर घालायचा, आपण मागे चिकटून दम राखायचा, आणि शेवटच्या वळणावर बाजूने काढायची."

 मी आपली शहाणपणा करायला गेले. म्हटलं, "अहो, चढावर पायडल सोडलं तर सायकल जागेवर उभी राहते. टिकटिक येणार कुठून? इतकी वर्षं तुमच्या घरात काढली, एवढं मलाही कळतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. समजूत घालावी तसं म्हणाले, "तेच तर. त्याला आता पायडल मारावं लागत नाही."

धाकटे, माझ्या हातातला कप मी खाली ठेवला आणि किती तरी वेळ उचलला नाही.

तू म्हणशील, मग अडवत का नाहीस. कशी अडवू? या शर्यतीनेच तर भावजींना वाढवलं. सासूबाई सांगायच्या ते तूही ऐकलंयस. भावजींना लहानपणी दमा होता. डॉक्टरांनी खेळ बंद केले होते. ते खिडकीत बसून राहायचे, आणि घरातले सगळे "बिचारा, बिचारा" करत त्यांच्या हातात दुधाचा पेला द्यायचे. हे एकटेच तसं म्हणाले नाहीत. हे म्हणाले, "तू सायकलवर ये, मी चालत येतो. तरी टाकीला मी आधी हात लावतो." भावजी रडले, खोकले, शिव्या दिल्या, आणि रागाच्या भरात अर्धा चढ चढून गेले. हे थांबले नाहीत. टाकीला हात लावून आले आणि "हरलास" म्हणाले. दुसऱ्या दिवशी भावजींनी आपणहून बूट घातले. सासूबाई म्हणायच्या, धाकट्याला जन्म मी दिला, पण उभा त्याला थोरल्याने केला.

आणि दुसरी बाजूही मला दिसते. ती तर आपण दोघींनी मिळूनच बघितली. गिऱ्हाईकं दुकानात उभी राहून पैजा लावायची, कुणाचं चाक आधी होतंय म्हणून. दोघांनाही त्याची नशा चढली. घाईत एका गिऱ्हाइकाच्या सायकलचा ब्रेक ढिला राहिला आणि ती बाई उतारावर पडली. तो ब्रेक कुणी बसवला होता यावरून सहा महिने दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. मग टाकीच्या चढावरचं ते शेवटचं वळण. दोघांनीही वाट सोडली नाही, कारण आधी सोडेल तो मागे पडेल. यांचं गळपट्टीचं हाड मोडलं. भावजींनी काय केलं आठवतं? पुढे गेले, आधी टाकीला हात लावला, मग परत येऊन भावाला उचललं. मी संतापले होते, आणि हे प्लास्टरमध्ये बसून म्हणत होते, "त्याचं बरोबर आहे. मीही तेच केलं असतं."

त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर तू मला म्हणाली होतीस, "ताई, ही माणसं संसार आपल्याशी करतात की एकमेकांशी?" आपण दोघी हसलो होतो. मी तर जरा जास्तच हसले.

लिहिशील ना काहीतरी?

तुझी जाऊ

९ एप्रिल

धाकटे,

घाबरू नकोस, आता बरे आहेत. सोमवारी टाकीपाशी चक्कर येऊन पडले. टाकीच्या रखवालदाराने टेंपोत घालून खाली आणलं. गुडघा सोलवटलाय, कपाळाला टाके पडलेत. पण डॉक्टरांना काळजी त्याची नाही. हृदयाचे ठोके नीट पडत नाहीत म्हणाले. चढ पूर्ण बंद. सपाट रस्त्यावर, तेही महिन्याभराने, हळूहळू चालवा.

रखवालदार भला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, हे रोज येतात ते ठीक आहे. पण वर आल्यावर टाकीला हात लावत नाहीत. भिंतीपासून वीतभर अंतरावर हात धरून उभे राहतात आणि रस्त्याकडे बघतात. एकदा मी विचारलं, कुणाची वाट बघता? तर म्हणाले, बरोबरीचा आहे, येईल."

काल दुपारी हे पलंगावर पडले होते आणि मी पायथ्याशी बसून कुणाच्यातरी पँटीची शिवण उसवत होते. आज विचारायचंच असं मी ठरवलं होतं. विचारलं, "कशासाठी वाट बघता त्यांची?"

 छताकडे बघत सगळं बोलले. ते तुला लिहावं की नाही यावर मी सकाळपासून विचार करतेय. पण ते तुझंही आहे.

भावजी शेवटी वॉर्डात होते तेव्हा हे रोज संध्याकाळी जायचे. डॉक्टरांनी भावजींना चालायला सांगितलं होतं आणि ते उठायला तयार नव्हते. तेव्हा यांनी पुन्हा तोच जुना उपाय काढला. पलंगापासून कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीपर्यंत शर्यत. भावजी सलाइनचा स्टँड ढकलत, आणि हे शेजारी. नर्स हसायच्या, म्हणायच्या, गोगलगायी निघाल्या. तुला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं, मला माहीत आहे. पण भावजी उठायला लागले, हेही खरं. हे रोज एक पाऊल पुढे राहायचे. एकच, जास्त नाही. "उद्या बघतो तुला," असं म्हणत भावजी झोपायचे, आणि त्या उद्यासाठी सकाळी खायचे.

मग डॉक्टरांनी यांना खोलीत बोलावलं. आता काही करण्यासारखं राहिलं नाही म्हणाले. बायकोला तुम्हीच सांगा, म्हणाले. यांनी तुला सांगितलं नाही, मलाही नाही. तिथून उठून हे थेट वॉर्डात गेले. आणि त्या संध्याकाळी यांनी भावजींना जिंकू दिलं.

मला म्हणाले, "खिडकीपाशी मी पाऊल आखडलं. त्याने काचेला हात लावला. मला वाटलं, एकदा तरी खूश होऊ दे. त्याने वळून माझ्याकडे बघितलं. अगं, तो खूश नव्हता. आयुष्यात मी कधी त्याला सोडलं नव्हतं, आणि त्या दिवशी सोडलं. डॉक्टरांनी मला जे सांगितलं, ते मी त्याला न बोलता सांगून टाकलं."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भावजी गेले.

तू वॉर्डाच्या दारात सगळ्यांसमोर यांना म्हणालीस, "शर्यतीने मारलंत तुम्ही त्यांना." हे एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं होतं, तुझ्या दुःखाचा मान राखून गप्प बसले. तसं नव्हतं. यांना ते पटलं होतं. फक्त शर्यत लावून मारलं असं तू म्हणत होतीस, आणि यांच्या मनात होतं, शर्यत सोडून मारलं.

म्हणून भावजी मागून येतात, असं यांना वाटतं. खरी शर्यत मागायला येतात. टाकीला हात लावायचा तर बरोबरीने, म्हणून हे थांबतात.

आता मागणं मागते. धाकटे, यांना दोन ओळी लिही. त्या संध्याकाळी भावजी पलंगावर येऊन म्हणाले, मी दादाला हरवलं, आणि आनंदाने झोपले, असं लिही. खरं काय झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारतही नाही. असंच लिही. तुझा राग तुझ्यापाशी ठेव, त्यावर माझा हक्क नाही. पण हे एवढं लिही. नाहीतर हा माणूस एक दिवस टाकीपाशी उभ्या उभ्या जाईल.

तुझी जाऊ

१८ एप्रिल

धाकटे,

आज मायना लिहायचीही इच्छा नव्हती. रोज पोस्टमनची वाट बघितली. पोस्टमनला आता माझी दया येते, लांबूनच मान हलवतो.

खोटं लिहिणं जमत नसेल तर खरं लिही. शिव्या लिही. भिंगरीचा उंचीचा आकडा लिही. पण भिंतीशी बोलल्यासारखं मला बोलायला लावू नकोस.

यांच्या सायकलचं पुढचं चाक मी काढून माझ्या कपाटात, शिवायच्या कपड्यांमागे लपवलं होतं. आज सकाळी उठून बघते तर पलंग रिकामा आणि दुकानाचं दार उघडं. निळी सायकल घेऊन गेले होते.

मी चपला अडकवल्या आणि पायवाटेने वर निघाले. ती जवळची वाट आहे, पण पायऱ्या मोडक्या. छाती फुटेल असं वाटत होतं. यांच्या आधी पोचले. टाकीच्या मागच्या बाजूला, पाइपांपाशी उभी राहिले. उजाडलं होतं. रखवालदार कुठे दिसत नव्हता.

हे आले. सायकलवरून उतरता येईना, एका बाजूला कलंडत उतरले. सायकल गवतावर आडवी ठेवली. मग भिंतीजवळ जाऊन हात पुढे केला, आणि रखवालदाराने सांगितलं होतं तसे उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून. चेहरा राखेसारखा झाला होता. मी हाक मारणार होते.

तेवढ्यात वळणाच्या खालून टिकटिक आली.

मी जे ऐकलं तेच लिहिते आहे. निळ्या सायकलची दोन्ही चाकं गवतात थांबलेली होती, माझ्या डोळ्यांसमोर. टिकटिक खालून येत होती, सावकाश, एकसारखी, जवळ जवळ येत. यांनी मान वर केली. मी वळणाकडे बघत राहिले. कुणी आलं नाही. मग आवाज बंद झाला. विरत गेला नाही, थांबला. एखाद्याने पाय टेकून सायकल उभी करावी तसा.

मी पुढे जाऊन यांचा दंड धरला. मला बघून दचकले नाहीत. म्हणाले, "तूही ऐकलंस?"

मी म्हणाले, "नाही. चला घरी."

ते खोटं मला पचत नाही, म्हणून तुला लिहिते. मी त्यांना एकटं पाडलं. पण दोघांनी ऐकलं असं कबूल केलं असतं, तर मग यांना टाकीवरून खाली आणणारं घरात कुणीच उरलं नसतं.

सायकल हातात धरून आम्ही रस्त्याने चालत उतरलो. सगळा रस्ता मी मोठमोठ्याने बोलत होते, काय बोलत होते कोण जाणे. मागे बघितलं नाही.

तुझी जाऊ

५ मे

धाकटे,

काल दुपारी दुकानातला फोन वाजला तेव्हा मी गिऱ्हाईकाची पँट घेऊन दारातच उभी होते, तोंडात टाचण्या. यांनी फोन उचलला. "बोल," म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा बदलला की तू आहेस हे मला लगेच कळलं.

मग कितीतरी वेळ हे नुसतं ऐकत होते. मधे एकदा "हो" म्हणाले. पुन्हा एकदा "हो." मग डावीकडच्या स्टँडला पाठ लावून जमिनीवर बसले. त्या स्टँडला वर्षभरात त्यांनी हात लावला नव्हता.

तू काय सांगितलंस ते त्यांच्या तोंडून माझ्यापर्यंत कसं पोचलं, ते लिहिते. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तू म्हणालीस, "ताईंनी मला खोटं लिहायला सांगितलं होतं. मी पुष्कळ प्रयत्न केला. चार वेळा कागद फाडला. पण दादा, तुम्ही एकदा त्यांच्याशी खोटं खेळलात आणि त्याचं हे झालं. मी पुन्हा खोटं बोलणार नाही."

मग तू सांगितलंस की त्या संध्याकाळी भावजी पलंगावर येऊन बसले आणि त्यांना हसू आलं. तू विचारलंस, काय झालं? ते म्हणाले, "दादाला हरतासुद्धा येत नाही नीट. पाय आखडला आणि तोंड असं केलं की आंधळ्यालाही कळेल." आणि पुढे म्हणाले, "म्हणजे डॉक्टर त्याच्याशी बोलले." तुला तेव्हा कळलं. मग उशीवर डोकं टेकून म्हणाले, "त्याला सांग, आजची धरायची नाही."

हा त्या दोघांचा लहानपणीचा नियम. मधे कुत्रं आलं, गाडी आडवी आली, तर ती शर्यत धरायची नाही. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही, राग नाही. भावजींनी एवढंच सांगितलं होतं. आणि तू ते वर्षभर स्वतःपाशी ठेवलंस.

का ठेवलंस, तेही तू सांगितलंस. ते सांगताना यांना दोनदा थांबावं लागलं. तू म्हणालीस, "त्यानंतर ते बोललेच नाहीत. ते त्यांचं शेवटचं बोलणं होतं, दादा. मी शेजारी हात धरून बसले होते, आणि शेवटचं बोलणं तुमच्या शर्यतीबद्दल निघालं. माझ्याबद्दल नाही, भिंगरीबद्दल नाही. मला तुमचा राग आला, त्यांचाही आला. ते वाक्य मला तुम्हाला द्यायचं नव्हतं."

धाकटे, मी हे यांच्या तोंडून नाही, तुझ्याकडून ऐकायला हवं होतं, तुझ्याजवळ बसून. मी तुला दोष देणार नाही. यांना कधी विचारलंस तर आयुष्यातले चांगले दिवस म्हणून ते कुठले सांगतील, हे मला ठाऊक आहे. त्यात आमच्या लग्नाचा दिवस कितवा येईल, हेही ठाऊक आहे. त्या बाकावर मी जास्त हसले होते, ते उगीच नाही. आपणही दोघी त्या दोघांच्या शर्यतीशीच शर्यत लावून बसलो होतो, फक्त त्यांना पत्ताच नव्हता.

फोन ठेवल्यावर हे किती वेळ रडले ते सांगत नाही. मग तोंड धुऊन आले आणि एकदम हिशेबाला लागले. "ती धरायची नाही, तर मग धरायची अशी शेवटची कुठली? तो आजारी पडायच्या आधीच्या रविवारची. ती त्याने मारली होती. वळणावरच पुढे काढली होती त्याने." जरा थांबून म्हणाले, "म्हणजे तो पुढेच राहिला."

मी म्हणाले, "मग?"

"मग काही नाही. पुढे आहे तो."

आज सकाळी गेले नाहीत. बूट घातले, पायरीवर बसले, पुन्हा काढले. मला सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. पण मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "आता मागे कुणी नाही."  इतके दिवस भूत होतं म्हणून मी घाबरत होते. ते गेल्यावर घर एवढं रिकामं होईल, हे मला माहीत नव्हतं.

भिंगरीला सुट्टीत पाठवतेस का, असं विचारणार होते. विचारलं असं समज.

तुझी जाऊ

१४ जून

धाकटे,

भिंगरी सुखरूप आहे, दोन वेळा पोटभर जेवते. तुझी पाठदुखी, तुझी बहीण आणि तिचं मांजर यांचा सविस्तर अहवाल तिने मला दिला. स्वतः आली नाहीस, ते मी समजू शकते. पण लेकीला एकटीला बसमध्ये बसवून माझ्याकडे पाठवलंस, त्याचं काय वाटलं ते लिहिणार नाही.

पहिले दोन दिवस ती आणि हे एकमेकांभोवती मांजरासारखे फिरत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात गेली, निळ्या सायकलपाशी उभी राहिली आणि विचारलं, "काका, बाबा टाकीवर किती वेळात पोचायचे?"

मी आत मशीनवर होते. माझा पाय थांबला. तिच्या विचारण्यात नुसतं कुतूहल नव्हतं, धाकटे. भावजींचं नाक तर तिने घेतलंच आहे, पण तेव्हा तिचा जबडाही त्यांच्यासारखा झाला होता. ही आता बापाच्या मागे लागणार, आणि बाप काही थांबून तिला गाठू देणार नाही. मला सगळं पुढचं दिसायला लागलं, कुठल्यातरी चढावर एकटी मुलगी आणि तिच्या पुढे कुणीच नाही.

यांना तो वेळ माहीत आहे. झोपेत विचारला तरी सांगतील. पण हे म्हणाले, "नाही सांगणार."

"का?"

"कारण तू त्याच्याशी शर्यत लावशील. मेलेल्या माणसाशी शर्यत लावायची नाही. तो दमत नाही, आणि आपण दमलो तर त्याला कळतही नाही. ज्याला धाप लागलेली आपल्याला ऐकू येते, त्याच्याशीच लावावी. मी लावून बघितलीय."

ती पायाने जमीन उकरायला लागली. मग म्हणाली, "तुम्हाला धाप लागते का?"

"मला जिन्यावरसुद्धा लागते."

"मग तुमच्याशी लावते."

मी बाहेर येऊन डॉक्टरांचं नाव घेतलं. बरीच वादावादी झाली. शेवटी कालव्याच्या कडेचा सपाट रस्ता ठरला, पुलापर्यंत, आणि छातीत जरा काही वाटलं तर उतरायचं. यांनी तिच्यासाठी निळ्या सायकलची सीट खाली घेतली. मी कपाटातून यांचं चाक काढून दिलं. ते तिथे आहे हे यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, असं तेव्हा कळलं.

आज सकाळी दोघे गेले. मी रस्त्याच्या तोंडाशी उभी होते. काय काय मनात येत होतं ते तुला सांगायला नको. कान देऊन होते, तेही सांगायला नको. कालव्याच्या पाण्याचा आवाज येत होता, दुसरा काही नाही.

परत आले ते चालत, सायकली हातात धरून. भिंगरीचे कान लाल झाले होते. हे घामाने निथळत होते, पण चेहऱ्यावर रंग होता. ती मला हळूच म्हणाली, "काकू, मी जिंकले. मी त्यांना विचारलं, मुद्दाम हरलात का? त्यांना बोलताच येत नव्हतं. पुलाचा कठडा धरून नुसते धापा टाकत होते. मग मला पटलं."

घरी आल्यावर यांचं तोंड फुगलेलं. आंघोळ केली, पाव पुढे ठेवला तो ढकलला.  मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चेन घसरली मधे."

मी उठून दुकानात गेले. सायकल उलटी केली, पायडल फिरवून बघितलं. चेन दातांवर नीट बसलेली, ताण जिथल्या तिथे. परत येऊन म्हणाले, "चेनला काही झालेलं नाही. तुम्ही हरलात."

 मला वाटलं, आता रागावतील.

"तिची गाडी उद्या कितीची आहे?" त्यांनी विचारलं.

"दुपारची."

"मग सकाळ मोकळी आहे," म्हणाले, आणि पाव पुढे ओढला.

तुझी जाऊ